येडगावच्या लग्नातल्या सहा वड्या

हिरे, काल तुझा दहावा झाला. डिंगोऱ्याच्या नदीवर मंडप घातला होता. माणसं एवढी आली की खुर्च्या पुरल्या नाहीत. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडची दहाव्यातली भाषणं तुला माहीतच आहेत. आपण दोघींनी मागे बसून किती ऐकली आणि पदर तोंडाला लावून किती हसलो. निवेदकाने आधी आलेल्यांची नावं वाचली. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे संचालक. त्यांच्या मागोमाग माझंही नाव आलं, "सुप्रसिद्ध केटरिंग व्यावसायिक कमलताई." मग एकेक जण उठून बोलला. तू धार्मिक होतीस. मनमिळाऊ होतीस. कष्टाळू होतीस. तुझ्या जाण्याने पंचक्रोशीची हानी झाली. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या लग्नात तुझ्या हातची मासवडी होती. मला ठाऊक आहे, कारण त्या लग्नांच्या जेवणांची कामं मीच घेतली होती. मासवडी हा शब्द एकानेही काढला नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझं डोकं तापत होतं. पण त्यांच्या आधी मी तुझ्यावर चिडलेली आहे, तीन वर्षं चिडलेली आहे. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग विझतो म्हणतात. माझा विझला नाही. तो पदराला बांधूनच मी तुझ्या दहाव्याला आले.

तू मला सोडून गेलीस, हे एक. कमी पैशांवर गेलीस, हे त्याहून मोठं. जास्त पैशांवर गेली असतीस तर मला कळलं असतं. भाव जमला नाही की माणूस दुसऱ्या दुकानात जातं, त्यात रुसण्यासारखं काही नाही. पण बावीस वर्षं माझ्याकडे काम करून तू त्या हायवेवरच्या खानावळीत गेलीस, महिन्याला दोन हजार कमी घेऊन. आणि तेही मला टेम्पोवाल्याकडून कळलं. "ताई, हिराबाईंचा बोर्ड पाह्यला का?" म्हणाला. मला वाटलं मस्करी करतोय.

आपली सुरुवात तुला आठवत असेल. आपण दोघी एकाच आचाऱ्याकडे लग्नात चपात्या लाटायला जायचो. तू माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सासर डिंगोरे, कुणाशी जास्त बोलायची नाहीस. मला लाटणं धड जमत नव्हतं, तोंड मात्र चालायचं. तो आचारी आपल्या रोजात काटछाट करायला लागला की मी भांडायचे, आणि सगळ्या बायकांचा रोज सोडवून आणायचे. एकदा तूच म्हणालीस, "एवढी भांडतीस तर सोताच का घेत न्हाईस काम? वड्या मी करते." माझा धंदा तुझ्या त्या एका वाक्यावर उभा राहिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भांडायला आणि भाव करायला मी आईकडून शिकले. ती कळंबहून भाजीची पाटी घेऊन मंचरच्या बाजाराला बसायची. विकताना मालाचं कौतुक करायचं, घेताना कधी करायचं नाही, हे मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसून शिकले. वस्तू आवडली तर आधी तिची खोड काढायची. तोंडावर आनंद दिसला की समोरचा भाव चढवतो. कोथिंबिरीची जुडी घेताना मी हे केलं, टेम्पो घेताना केलं, पोरासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही केलं. सून अजून ते विसरलेली नाही.

आपलं पहिलं काम येडगावचं. धरणाच्या बाजूला मुलीवाल्यांचं घर, दारात मंडप, आणि अख्ख्या गावाला मासवडीचं जेवण. तू पहाटेपासून चुलीपुढे होतीस. डाळीचं पीठ घट्ट शिजवायचं, चटके बसत असतानाच ओल्या फडक्यावर ओल्या हाताने थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं, फडक्यानेच गुंडाळी वळून दाबायची आणि निवल्यावर वड्या कापायच्या. पीठ निवू दिलं तर गुंडाळी फुटते, म्हणून हात भाजला तरी थांबता येत नाही. तुझे तळहात त्या दिवशी लालभडक झाले होते. पुढे पुढे ते लालही होईनासे झाले.

पंगतींवर पंगती उठल्या. सगळं नीट चाललं होतं, आणि नेमक्या विहिणींच्या पंगतीला सहा वड्या कमी पडल्या. वरमायेच्या बहिणीच्या ताटात वडी नाही. ती ताटावरून उठायलाच निघाली. मुलीच्या बापाचा चेहरा पांढरा पडला. मी आत आले आणि सगळ्या बायकांसमोर तुला फाडून खाल्लं.

"मोजता येत न्हाई तर आधी सांगायचं व्हतं. माझं नाक कापलंस."

"कमल, मी मोजून केल्यात. कमी न्हाईत."

"मग काय वड्यांना पाय फुटले?"

तू खाली बसलीस, उरलेलं पीठ शिजवून एक गुंडाळी वळलीस, कापलीस आणि स्वतः नेऊन वाढलीस. वरमायेची बहीण जेवली. निघताना मुलीच्या बापाने विचारलं, मासवडी कुणी केली. मी म्हणाले, आमच्याच बायकांनी. टेम्पोत तू मला विचारलंस, "कशी झाली व्हती गं?" मी म्हणाले, "बरी झाली व्हती."

त्या सहा वड्या तू कधी विसरली नाहीस. पुढची बावीस वर्षं, प्रत्येक लग्नात, वड्या कापून झाल्या की तू मला हाक मारायचीस. "मालकीण, या. मोजा. नायतर येडगावसारखं म्हणशान." मी मोजायचे. तू शेजारी हात बांधून उभी. एकदाही एक कमी निघाली नाही. सगळ्या बायका हसायच्या, मीही हसायचे. मी मालकीण झाल्यावर तू मला मालकीण म्हणायला लागलीस ती फक्त चिडलीस की. बाकी वेळ कमलच.

मी तुझा पगार वाढवला नाही असं तू म्हणू शकणार नाहीस. तू कधी मागितला नाहीस आणि मी दर दिवाळीला वाढवला. आपल्या भागात कुठल्याच मासवडीवालीला तेवढा पगार नव्हता. मी मनात म्हणायचे, हिरा कुठे जात नाही. जाईल कशी?

मग ते कळंबजवळचं मंगल कार्यालयातलं लग्न. मोठी माणसं, मोठा स्टेज. निवेदक पुढाऱ्यांचे सत्कार करून दमला, तेव्हा मुलाच्या बापाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने मला स्टेजवर बोलावलं. फेटा, शाल, नारळ. माईकवर म्हणाला, "आज आपण ज्या मासवडीवर ताव मारला, ती ज्यांच्या हातची, त्या आपल्या कमलताई." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. स्टेजच्या मागे पडद्याआड तू गार पाण्याच्या बादलीत हात घालून बसली होतीस, आणि पडद्याच्या फटीतून मला दिसत होतीस. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. फेटा डोक्याला घट्ट झालाय एवढंच मला तेव्हा कळत होतं.

टेम्पोत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. मंचर आलं तेव्हा बोललीस.

"हात कुणाचे ते सांगायचं व्हतं."

"आन पगार कुणाचा?" मी म्हणाले.

मी हे टेम्पोवाल्यासमोर म्हणाले. मागे सुनंदा बसली होती, तू जिला हाताखाली घेऊन शिकवत होतीस ती. तिच्यासमोर म्हणाले. तू फक्त मान हलवलीस, भाव ऐकून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. दुसऱ्या दिवशी मी तुला पाकीट दिलं आणि पगारही वाढवला. तू पाकीट घेतलंस. घेतलंस म्हणजे मिटलं, असं मी धरलं. लग्नसराई संपली आणि तू गेलीस.

तो बोर्ड मी पाहिला. "हिराबाईंची मासवडी", लाल अक्षरं, पिवळा रंग. खाली खानावळीचं नाव बारीक. नंतर पुण्याला जाताना ते वळण आलं की मी मोबाइलमध्ये बघायचे. मी लोकांना सांगत फिरले की नावाने पोट भरत नाही. मालकाने रंगाच्या एका डब्यात दोन हजारांची बचत केली, महिन्याच्या महिन्याला. हिरा भोळी, फसली. हिरे, यातलं काही खोटं नव्हतं. नाव देऊन पैसे वाचवणारे मालक मी पाहिले आहेत. शाल स्वस्त पडते, पगारवाढ महाग पडते, हे माझ्याइतकं कुणाला कळतं?

पण माझा खरा सल वेगळाच होता, तो आता लिहिते. कुणीतरी येऊन मला सांगितलं की खानावळीत गिऱ्हाईक विचारतात, मावशी, कुठे शिकलात. आणि तू सांगतेस, "आईकडं." बस, एवढंच. माझं नाव नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. लांब लाकडी टेबल करून एका वेळी आठ गुंडाळ्या थापायची युक्ती माझी होती. चारशे माणसांवरून चार हजारांवर तुझी वडी मी नेली. आणि तू म्हणतेस, आईकडे. घरात मी सुनेवर ओरडले, भांडी आपटली. सून म्हणाली, "आत्या, नावानं पोट भरत न्हाई असं तुमीच म्हणत व्हतात ना?" तिने तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत बघितलं. मुलगी बघायला गेले तेव्हा मी तिची काढलेली खोड, तिचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला.

तुझी-माझी भेट त्यानंतर एकदाच धड झाली. डिंगोऱ्यातलंच लग्न, जेवण माझं, आणि तू भावकीतली म्हणून जेवायला पंगतीत. वाढप्या पोरीबरोबर तू निरोप धाडलास, "मालकिणीला सांग, तीळ करपल्यात." मी हातातला झारा घेऊनच बाहेर आले.

"करपलेत तर खाल्लेस कशाला?"

"टाकायचं न्हाई म्हणून." तू हात धुतलेस आणि मंडपाच्या कडेला बसलीस. मीही बसले. काय करणार, करपलेच होते. मी तुला म्हणाले, परत ये, आहे त्याच्या दीडपट देते. तू हसलीस.

"कमल, पैसे मला नको व्हते असं कुनी सांगितलं तुला? पायजेतच की. नातवाची फी कोन भरतं? पर तू पैसे देतीस ना, तवा असं तोंड करतीस जणू माझं तोंड बंद केलंस."

"मग तिकडं काय मोठा मान मिळतोय?"

"न्हाई लई. गिऱ्हाईक जाताना आत डोकावून म्हनतं, मावशी, झ्याक. तेवढंच."

"झ्याक म्हनायचे दोन हजार?"

"तूच म्हनली असतीस तर फुकट पडलं असतं."

मला राग आला आणि मी उठून गेले. रस्सा बघायचा होता, असं निमित्त होतं.

मग तू आजारी पडलीस. महिनाभर तू गेली नाहीस तर खानावळवाल्याने बोर्डावरचं नाव पुसलं आणि तिथे पावभाजी लिहिली. मी नारायणगावच्या दवाखान्यात आले ते पाकीट घेऊन, दुसरं काय घेऊन येणार होते. तू म्हणालीस, "ठेव उशाला." तोंड वेडंवाकडं केलं नाहीस. नंतर विचारलंस रस्सा कोण करतं, सुनंदाचा हात बसला का, फडकं कुठलं वापरता, ते नवीन कापड चिकटतं, जुनं धोतर बघ. मी खोड्या काढत राहिले. सुनंदा हळू आहे, सुनंदा मीठ विसरते. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मी निघाले तेव्हा डोळे न उघडता म्हणालीस, "कमल, येडगावला वड्या कमी नव्हत्या गं."

मी म्हणाले, "पड आता. त्रास करून घेऊ नको." आणि बाहेर आले. तो संधीचा शेवटचा दरवाजा होता आणि मी तो बाहेरून ओढून घेतला.

तर कालचं सांगत होते. भाषणं ऐकून मला राहवेना. मी उठून निवेदकाकडे गेले.

"मला दोन मिनटं दे."

"ताई, अजून पाच वक्ते हायेत. ऊन चढलंय."

"मग एक दे. एका वाक्याचं काम हाये."

"वाक्य मला सांगा, मीच बोलतो ना. तुमी कशाला तरास घेता."

आयुष्यात एवढी वाईट घासाघीस मी कधी केली नाही. मी म्हणाले, सांग मग, हिराबाईसारखी मासवडी आपल्या दोन्ही तालुक्यांत कुणी करत नव्हतं. त्याने मान डोलावली, घसा साफ केला आणि माईकवर म्हणाला, "तसेच कैलासवासी हिराबाई या एक उत्तम सुगरण होत्या."

उत्तम सुगरण. हिरे, मी बाजारात बसून मोठी झालेली बाई, आणि तुझ्यासाठी मला एवढंच मिळवता आलं.

आज सकाळी परवाच्या लग्नाची तयारी होती. सुनंदाने नमुन्याची एक गुंडाळी केली आणि वडी माझ्यापुढे धरली. जुन्या धोतरावर थापलेली होती. मी खाल्ली. नेहमीप्रमाणे मीठ आलं माझ्या जिभेवर, म्हणजे मीठ कमी आहे हे वाक्य. मीठ बरोबर होतं. मी म्हणाले, "सुनंदा, चांगली झालीय."

ती घाबरली. "काय कमी पडलं ताई? सरळ सांगा ना."

"काही न्हाई. चांगली झालीय म्हनते ना."

"परत करू का दुसरी?"

मला तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी ती खाली बसली आणि फडक्याची घडी घालत राहिली, उलगडून परत घातली. मी तिला सांगितलं की परवा माईकवाल्याकडे मी आधीच जाणार आहे, आणि तिचं नाव कागदावर लिहून देणार आहे. तो सुगरण म्हणाला तर मी स्टेजवर चढेन. ती हसली. आणि दुपारी, भांडी विसळून झाल्यावर, पदराला हात पुसत माझ्यापुढे उभी राहिली.

"ताई, पगाराचं जरा बघा ना आता."

बघ, मी काय म्हणत होते? कौतुक केलं की भाव चढतो. आई बरोबर सांगायची. मी सुनंदाशी अर्धा तास घासाघीस केली, दोघींचे आवाज चढले, आणि तिला हवं होतं त्याच्या जवळपास देऊन मोकळी झाले. मला वाईट वाटलं नाही. नवल हेच की तिलाही वाटलं नाही. जाण्याआधी चुलीतली राख काढताना काहीतरी गुणगुणत होती. तुझ्या वेळी मी या दोन गोष्टींतली एक देत राहिले आणि दुसरी वाचवत राहिले. ती वाचवून माझ्याकडे काय जमलं, ते मला सापडत नाही.

आता येडगावचं.

तू मोजून केल्या होत्यास. वड्या कमी नव्हत्या. मी आदल्या दिवशी दुपारपासून उपाशी होते, पहिलं काम, घशाखाली घास जात नव्हता. तू पहिली परात भरलीस आणि पाणी आणायला आडावर गेलीस. मी मोठ्या पातेल्यामागे बसले, कशी झालीय ते बघावं म्हणून एक घेतली. मग दुसरी घेतली. तीळ दाताखाली यायचे आणि मागून तिखट चढायचं, आणि मला आठवतं, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की माझा धंदा चालणार, माझी पोरं शिकणार. तू पाण्याची कळशी घेऊन परत आलीस तोवर सहा झाल्या होत्या. मी तोंड पुसलं आणि मीठ जरा जास्त आहे म्हणाले.

मग विहिणींची पंगत बसली, आणि मी तुला सगळ्यांसमोर बोलले. बावीस वर्षं तू मला परातीपुढे उभं करून मोजायला लावलंस आणि मी मोजत राहिले. तुला पैसे वाढवताना मी दरवेळी मनात म्हणायचे, यात त्या सहाचेही आले. ते येत नसतात, हे आज कळतंय.

टेम्पोत तू विचारलं होतंस, कशी झाली होती. मी बरी म्हणाले. हिरे, तशी मासवडी मी त्याआधी खाल्ली नव्हती आणि त्यानंतर फक्त तुझ्याच हातची खाल्ली. सहा मी खाल्ल्या. सातवी घ्यायला हात गेला होता, तेवढ्यात तुझी पावलं वाजली.